हातभर बाळाची जागा

(मंडळाच्या बालसंगोपन वर्गात दिलेले भाषण)



या वर्गातल्या मुलींनी आपले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून दिले होते. त्या चिठ्ठ्या कार्यवाहबाईंनी माझ्या स्वाधीन केल्या. बाळाच्या दुधाविषयी, लसींविषयी, दातांविषयी प्रश्न होतेच. परंतु जवळजवळ निम्म्या चिठ्ठ्यांत एकच काळजी होती. "घर लहान, माणसे पाच-सहा, त्यात आता बाळ येणार. त्याला ठेवायचे कुठे?" म्हणून आज दुसरे सर्व विषय बाजूला ठेवून याच प्रश्नाचा विचार करावा असे ठरविले.

प्रश्न वरवर पाहता कपाट-खाटेचा वाटतो; पण तो तेवढाच नाही. जागा नाही या एका कारणासाठी सूनबाईला बाळासह सहा-सहा महिने माहेरीच ठेवणारी घरे आपल्या माहितीची आहेत. बाप बाळाला रविवारी पाहुण्यासारखा भेटून येतो. कुठे बाळाच्या सामानापायी सासूचे कपाट हलते, आणि मग सासू-सुनेची मनेही हलतात. कुठे तरुण जोडपे पाळणा हलण्याच्या आधीच न झेपणारे कर्ज काढून मोठे घर घेते. तेव्हा हा विषय घरातल्या माणसांच्या सुखदुःखाचा आहे.

हल्ली मोबाईलवर आणि मासिकांतून 'नर्सरी'ची चित्रे दिसतात. आपल्याकडे नर्सरी म्हणजे एक तर रोपे विकत मिळण्याची जागा, नाही तर बालवाडीचा वर्ग. चित्रातली नर्सरी म्हणजे बाळाची स्वतंत्र खोली. भिंतीवर ढग काढलेले, एका बाजूला कठड्याची खाट, दुसऱ्या बाजूला कपडे बदलण्याचे टेबल, आईसाठी झुलती खुर्ची, आणि मधे एवढा गालिचा की त्यावर आपल्याकडे चार माणसांची पंगत बसावी! चित्र छान आहे. परंतु ते पाहून आपल्या मुलींचा जीव उगीच लहान होतो.

आपली घरे कशी आहेत ते आपण जाणतो. १९२० नंतरच्या काही वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. एका कुटुंबाला एक खोली, आणि ती १६० चौरस फुटांची. म्हणजे दहा बाय सोळा. संडास मजल्याला सामाईक. तेथल्या रहिवाशांना आता ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. २०२५ साली वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांच्या हाती चाव्या आल्या. झोपडपट्टी पुनर्वसनातली घरे आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांची झाली. म्हणजे घर वाढले तरी बाळासाठी निराळी खोली काढता येईल असे ते झाले नाही. पण ज्या चाळींत दहा बाय सोळाच्या खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या, तेथे बाळे वाढलीच की! ती कशी वाढली याचा नीट विचार केला, आणि त्याला आजच्या वैद्यकाची जोड दिली, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे हाती येते.

प्रथम आपण बाळालाच मोजू या. नुकते जन्मलेले मूल साधारण ५० सेंटीमीटर, म्हणजे वीस इंच लांब असते. आपण हातभर म्हणतो ते उगीच नाही. अशा बाळाला निजायला तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा पुष्कळ झाली. म्हणजे सहा चौरस फूट. दहा बाय सोळाच्या खोलीतही सहा चौरस फूट निघतात. मग घर अडते कशाने? ते बाळाने अडत नाही. बाळाच्या नावाने येणाऱ्या सामानाने अडते. म्हणून जागा वाचवण्याचा पहिला उपाय फडताळ घेणे हा नसून, काय घरात आणायचे नाही हे ठरवणे हा आहे.

त्यासाठी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा. हिचे काम आपल्या घरात आधीपासून कोण करते?

बाळाच्या आंघोळीचा टब घ्या. त्याला स्टँड, शिवाय तो वाळत टाकायला जागा. आपल्याकडे आजी पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर बाळाला पालथे-उताणे घेऊन न्हाऊ घालते. मोरीत जेवढी जागा आहे तेवढीच लागते, आणि आंघोळ झाली की आजी उठते, पाट भिंतीशी उभा राहतो. यापेक्षा कमी जागेत मावणारा टब अजून कोणी काढलेला नाही. एवढेच सांभाळावे की बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग त्यात गरम ओतावे. कोपर बुडवून पाहावे. आणि उकळत्या पाण्याचे भांडे बाळाच्या अंगाशी ठेवू नये.

कपडे बदलण्याचे टेबल घ्या. त्याचे काम आपल्याकडे जमीन करते. खाली घडीची गोधडी, तिच्यावर मेणकापड, वर सुती दुपटे. जमिनीवरून कोणी पडत नाही. चौथ्या महिन्याच्या सुमाराला, कधी त्याच्याही आधी, बाळ एका क्षणात पालथे पडते, आणि टेबलावरून किंवा पलंगावरून खाली येते. तेव्हा लहान घरातली जमीन हेच सर्वांत मोठे आणि सर्वांत सुरक्षित फर्निचर आहे हे ध्यानात ठेवावे.

चाकांचा वॉकर घ्या. हा येतो बहुधा भेट म्हणून, आणि सहा महिने खोलीच्या मध्यभागी बसून राहतो. त्याने मूल लवकर चालते ही समजूत खरी नाही. उलट पाय जमिनीवर नीट टेकून तोल सावरण्याचा सराव मागे पडतो. शिवाय मूल त्यातून क्षणात शेगडीपाशी नाही तर जिन्यापाशी पोचते. कॅनडाने २००४ साली या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तो मुलाने उभे राहून धरायचा असतो, त्यात मुलाला बसवीत नाहीत. वॉकरची भेट येणार असे कळले, तर त्याऐवजी दोन सुती दुपटी द्या असे मोकळेपणाने सांगावे. यात संकोच कसला?

आता कपड्यांचे पाहू. पहिल्या बाळाच्या उत्साहात टोपल्याच्या टोपल्या भरतात. परंतु बाळाचे वजन सुमारे पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. बारशाला आलेला रेशमी अंगरखा दुसऱ्या सणाला अंगात जात नाही. पहिल्या तीन महिन्यांना आठ झबली, दोन डझन लंगोट, सहा दुपटी, तीन टोपडी, एक कुंची आणि दोन मेणकापडे एवढे असले म्हणजे चालते. पावसाळ्याचे बाळ असेल तर लंगोट डझनभर वाढवावेत. डायपर वापरणाऱ्यांनी स्वस्त पडतो म्हणून महिनाभराचा गठ्ठा घेऊ नये. तो अर्धा व्हायच्या आत बाळ त्या मापातून बाहेर पडते, आणि गठ्ठा कपाटात बसून राहतो.

आलेले जादा कपडे कुठे ठेवायचे? तीन गाठोडी करावीत. एकावर लिहावे 'तीन महिन्यांपर्यंत', दुसऱ्यावर 'तीन ते सहा', तिसऱ्यावर 'सहा ते बारा'. खाली नेहमी एकच गाठोडे असावे. दुसरे खाली आले की पहिले धुऊन, वाळवून वर जाईल किंवा गरजवंताकडे जाईल. या साध्या शिस्तीने एक अख्खे कपाट वाचते.

'वर जाईल' असे मी म्हटले. लहान घराची खरी शिल्लक वरच असते. जमिनीची लांबी-रुंदी आपण सगळ्याजणी मोजतो. उंची मात्र विसरतो. डोक्याच्या वरचे दोन-तीन फूट बहुतेक घरांत नुसते मोकळे असतात. लंगोट वाळवायला छताशी कप्पीवर वरखाली होणारी दांडी लावावी. ती बाळाच्या अंथरुणावर नको, आणि गॅसच्या शेगडीवर तर मुळीच नको. पावसाळ्यात घरभर ओले कपडे टांगून खोली दमट करण्यापेक्षा धुतलेले कपडे घट्ट पिळून, अर्धे वाळल्यावर इस्त्री फिरवलेली बरी.

दाराच्या मागची बाजूही अशीच फुकट जाते. आपल्या शिवणवर्गातल्या कोणाही मुलीला तासाभरात जमेल अशी एक वस्तू सांगते. जुन्या जाड चादरीचा दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब तुकडा घ्या. त्यावर आठ खिसे शिवा. वर काठी ओवा आणि दारामागे दोन खिळ्यांना अडकवा. एका खिशात लंगोट, एकात टोपडी, एकात तेलाची बाटली, एकात कंगवा आणि नखे कापायची कात्री, एकात लसीकरणाचे कार्ड. रात्री दोन वाजता दिवा न लावता हात घातला तरी वस्तू सापडते. औषधाची बाटली मात्र या खिशांत नको. ती मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर, बंद कपाटात हवी.

आता टांगण्याच्या वस्तूंतली थोरली वस्तू, म्हणजे पाळणा आणि झोळी. झोळीसारखे घडीचे फर्निचर नाही. लुगड्याची झोळी बांधली, बाळ निजले; बाळ उठले, झोळी गुंडाळून खुंटीला लावली, जमीन मोकळी! परंतु येथे जागेपेक्षा काळजी महत्त्वाची. आकडा काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा भक्कम तुळईत हवा. शोभेसाठी केलेल्या खोट्या छतात नव्हे. दोर आणि कडी दर आठवड्याला हाताने ओढून पाहावी. खाली घडीची गोधडी असावी. मोठ्या भावंडाने झोका द्यायचा असेल तर जवळ मोठे माणूस हवे. झोळीत बाळाचे शरीर वाकते, आणि अगदी लहान बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. म्हणून झोळी ही कोणाची तरी नजर असताना, दिवसाच्या डुलकीपुरती. रात्रीची झोप सपाट जागेवर. आणि बाळ हात टेकून उठू लागले, बसू लागले, की पाळणा-झोळी दोन्ही बंद. त्याला "अजून सहा महिने जाऊ दे" असे म्हणू नये.

उंचीप्रमाणेच आणखी एक गोष्ट आपण मोजीत नाही, ती म्हणजे वेळ. गिरणगावात पाळीने काम करणाऱ्या कामगारांनी एकेका खोलीत दहा-दहाजणांनी राहून दिवस काढले. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे. ते हालाचे दिवस होते. त्यांचे गोडवे मी गात नाही. पण एकच जागा निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामाला येते, हा त्यातला धडा खरा आहे. खिडकीपाशी सकाळी ऊन येते तेव्हा तेथे बाळाची दुपटी वाळतील. दुपारी तेथेच बाळ निजेल. संध्याकाळी ती जागा थोरल्या मुलाच्या अभ्यासाची. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून असे दिवसाचे वेळापत्रक एकदा ठरवावे. न ठरवले तर काय होते? सगळ्यांना एकच कोपरा एकाच वेळी हवा असतो, आणि शेवटी तो ज्याचा आवाज मोठा त्याला मिळतो. बाळाचा आवाज मोठा असतो म्हणून बाळाचे भागते. त्याच्या आईचे भागत नाही.

येथे मी आजच्या भाषणातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. जागेची काटकसर करावी. पण तीन ठिकाणी ती मुळीच करू नये.

पहिले ठिकाण बाळाच्या झोपेचे. पहिल्या वर्षात बाळाला नेहमी पाठीवर, सपाट आणि कठीणशा गादीवर निजवावे. त्याच्याभोवती उशा, लोड, जाड रजया, मऊ खेळणी काही नको. आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात. ती देणाऱ्या आजीचे प्रेम मी जाणते. पण वर्षाच्या आतल्या बाळाला कोणतीच उशी नको असे डॉक्टर सांगतात, आणि त्यांचे ऐकावे. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर निजवा अशी मोठी मोहीम निघाली. त्यानंतरच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या बाळांचे प्रमाण तेथे जवळजवळ निम्म्यावर आले. आणि गंमत पाहा: ज्या देशांतून स्वतंत्र नर्सरीची चित्रे आपल्याकडे येतात, तेथलेच बालरोगतज्ज्ञ आता सांगतात की निदान पहिले सहा महिने बाळाने आईबापांच्याच खोलीत, परंतु आपल्या स्वतंत्र अंथरुणावर झोपावे. म्हणजे वेगळी खोली नाही हे आपले न्यून नव्हेच! वेगळे अंथरूण मात्र हवे. दोन मोठ्या माणसांच्या मधे, एकाच पांघरुणात बाळ घेणे धोक्याचे आहे. त्यातून कोणी विडी-सिगारेट ओढणारे किंवा दारू घेतलेले असेल तर फारच. जागा वाचते म्हणून हा धोका पत्करू नये. आईच्या अंथरुणालगत जमिनीवर बाळाची सहा चौरस फुटांची गादी आणि वर मच्छरदाणीची छत्री, एवढ्याने काम होते.

लाकडी खाट कोणाकडून आली असेल तर तिच्या कठड्याच्या दोन पट्ट्यांमधली फट मोजावी. ती ६ सेंटीमीटरांहून जास्त नको, नाही तर बाळाचे अंग बाहेर सरकून डोके अडकते. गादी आणि कठडा यांच्यामधेही फट नको.

दुसरे ठिकाण हवेचे. बाळंतिणीची खोली वारा लागेल म्हणून आपण कडेकोट बंद करतो, आणि आत कोळशाची शेगडी पेटवतो, ओव्याची नाही तर लसणाच्या सालांची धुरी देतो. मोठ्या वाड्यातली बाळंतिणीची खोली निराळी, आणि आजची दहा बाय दहाची खोली निराळी. लहान बंद खोलीत जळत्या कोळशाचा वास न येणारा विषारी वायू साठतो आणि आई व बाळ दोघांचाही घात करू शकतो. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने आईला द्यावा. धुरी सोडावी. डासांसाठी उदबत्तीचा धूर करण्यापेक्षा मच्छरदाणी लावावी. एक खिडकी थोडी उघडी असावी. कपाट ठेवायला जागा नाही म्हणून खिडकी अडवू नये. कपाट दुसरीकडे जाऊ शकते, खिडकी जाऊ शकत नाही.

तिसरे ठिकाण आईचे. लहान घरात बाळाची सोय होते, पाहुण्यांची होते, टीव्हीचीसुद्धा होते. पण दिवसातून आठ-दहा वेळा बाळाला पाजणाऱ्या मुलीला पाठ टेकायला जागा असतेच असे नाही. कोणी भिंतीकडे तोंड करून बसते, कोणी स्वयंपाकघरात गॅसपाशी, आणि कोणी तर मोरीच्या उंबऱ्यावर. बाहेरच्या खोलीत माणसे असली की बाळ रडत राहते आणि ती उठून जायला संकोचते. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे असे आपण या वर्गात शिकवतो. ते दूध द्यायला ती कुठे बसणार, हे आपण तिच्या घरच्यांना कधी विचारतो का?

म्हणून मी म्हणते, बाळ येण्याच्या आधी घरात पहिली जागा आखायची ती आईची. अडीच फूट भिंत, पाठीला लोड, बाजूला पाण्याचा तांब्या, आणि समोर दोरीवर सरकणारा जुन्या साडीचा पडदा. पडदा ओढला की ती जागा तिची. पडदा सारला की घर पुन्हा सर्वांचे. याला पैसे पडत नाहीत. आणि हा पडदा घरातल्या मोठ्या बाईने आपण होऊन लावून द्यावा अशी माझी सर्व सासूबाईंना विनंती आहे. सुनेने मागितल्यावर मिळालेला पडदा आणि न मागता मिळालेला पडदा यांत फार फरक असतो. हा एक पडदा असला तर मला वाटते पुष्कळ सुना जागेअभावी माहेरी राहणार नाहीत.

आईच्या जागेची किंमत किती, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या एका इस्पितळात कमी वजनाच्या बाळांसाठी उबेच्या पेट्या पुरत नव्हत्या. एकेका पेटीत एकाहून जास्त बाळे ठेवावी लागत. १९७८ साली तेथले डॉक्टर एडगर रे यांनी बाळांना आयांच्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवायला सुरुवात केली. कांगारू आपल्या पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते तसे. अडचणीपोटी निघालेला हा उपाय इतका गुणकारी ठरला की आज जगभर, आपल्या देशातल्या इस्पितळांतही, तो शिकवला जातो. बाळ कमी वजनाचे असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून तो घरीही चालू ठेवता येतो, आणि बापालाही ते बाळ तसे छातीशी घेता येते. पण त्यासाठी आईला निवांत टेकून बसायला जागा हवी. तीच नसेल तर बाकीची सारी सोय व्यर्थ.

आता बाळ रांगू लागल्यानंतरचे थोडे सांगते. नवव्या-दहाव्या महिन्यात मूल धरून उभे राहू लागते. लहान घरात कपाटे उंच आणि अरुंद असतात. खालचे खण ओढून मूल त्यांवर चढले की सगळे कपाट अंगावर येते. प्रत्येक उंच कपाट भिंतीला पट्टीने आणि स्क्रूने पक्के करावे. पडद्याच्या दोऱ्या, चार्जरच्या तारा मुलाच्या हाताबाहेर बांधाव्यात; बादलीत पाणी भरून ठेवू नये. खेळण्यांना निराळे कपाट नको. मुलाच्या हाताला येईल असा एक खालचा कप्पा त्याचा असावा. त्यात एका वेळी चार खेळणी, बाकीची पिशवीत. आठवड्याने ती बदलावीत, म्हणजे जुनीच खेळणी नवी होतात.

लहान जागेत बालशिक्षण होत नाही असे कोणी म्हणेल. मारिया माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरात कामकऱ्यांच्या एका चाळवजा इमारतीत उघडले होते. आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी आसपासच्या साध्या वस्तूंतून मुलांना शिकवून दाखविले. मुलाला हवी असते ती त्याच्या हाताला येणारी वस्तू आणि त्याच्याकडे लक्ष देणारे माणूस.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. फिनलंड देशात १९३८ सालापासून सरकार गरीब मातांना बाळाच्या सामानाची एक पेटी देऊ लागले, आणि १९४९ पासून ती सर्वच मातांना मिळू लागली. तिच्यात कपडे, पांघरुणे आणि एक गादी असते. आणि गादी तळाशी घातली की त्या पुठ्ठ्याच्या पेटीतच बाळाचे पहिले काही महिने अंथरूण होते. पेटी मिळण्याची अट एकच: गरोदर बाईने ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय तपासणी करून घेतली पाहिजे. आपला बाळंतविडा दुसरे काय होता? आता मात्र आपल्या बाळंतविड्यात शोभेच्या वस्तू वाढल्या आणि लंगोट कमी झाले.

आपल्यापैकी किती घरांच्या माळ्यावर पाळणे, मच्छरदाण्या, लहान खाटा नातवंडांची वाट पाहत धूळ खात असतील? सहा महिने वापरायच्या वस्तूने वीस वर्षे माळा अडवावा हे कोणत्या हिशेबात बसते? मंडळाच्या खोलीत एक कपाट या वस्तूंना द्यावे. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी आणून द्याव्यात. ज्यांच्याकडे बाळ येणार त्यांनी वहीत नाव लिहून न्याव्यात, आणि काम झाल्यावर धुऊन, उन्हात वाळवून परत कराव्यात. देताना दोघीजणींनी कडी, दोर, कठड्याची फट तपासावी. मोडकी वस्तू दयेपोटीही देऊ नये. ज्या वस्तूला प्रत्येक घरात जागा हवी होती, तिला सर्वांत मिळून एका कपाटात जागा होईल. आणि त्याबरोबर अनुभवी बायकांनी पाळीपाळीने नव्या आईच्या घरी जाऊन यावे. बाळाला पाहण्याच्या निमित्ताने तिची बसायची जागा झाली आहे की नाही, तेवढे पाहावे. नसेल तर तिच्या देखत काही न बोलता तिच्या सासूबाईंशी दोन शब्द बोलावे. एका बाईचे म्हणणे दुसऱ्या बाईला आपल्याच वयाच्या बाईकडून पटते.

दहा बाय सोळाची खोली पंधरा बाय वीसची करणे आपल्या हाती नाही. पण तिच्यात काय आणायचे नाही, काय वर टांगायचे, कोणत्या वेळी कोणती जागा कोणाची, आणि कोणती जागा कोणत्याही कारणाने हिरावायची नाही, हे ठरवणे पूर्णपणे आपल्याच हाती आहे. कपाटाच्या कामाला ज्या भगिनींना हातभार लावायचा असेल त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहबाईंकडे नावे द्यावीत. माझ्याकडचा पाळणा मी पहिली वस्तू म्हणून देते. त्याची कडी नवी घातलेली आहे.